अंगठा

तोर्निकेला मी पाव विकत घ्यायला शिकवत होते.
पाव म्हणजे आमच्याकडची शोती,
होडीसारखी, दोन्ही टोकांना निमुळती,
भट्टीच्या आतल्या भिंतीला थापून भाजलेली.
कुताइसीत, पुलाच्या अलीकडे, ओतारची भट्टी.

पट्टीवर चार चित्रं, वेल्क्रोने डकवलेली:
दार. नाणं. पाव. घर.
एकेक काम झालं की त्याचं चित्र उपटायचं,
खर्र.
मला अजून शंका आहे,
तो पावासाठी यायचाच नाही,
त्या खर्रसाठी यायचा.

आधी माझा पंजा त्याच्या पंजावर, पुरता.
मग मनगटाशी दोन बोटं.
मग कोपराला नुसता स्पर्श.
मार्चमध्ये माझा हात त्याच्या खांद्यामागे हवेतच,
शेकोटीपुढे धरावा तसा.
बोट धरून शिकवणं कुणालाही येतं.
सोडून शिकवायला मला अकरा वर्षं लागली.

शेवटी मी रस्त्यापलीकडे, चिनाराखाली,
मनात पाचपर्यंत मोजत.
तीनवर जीभ वळवळते:
तोर्निके, नाणं!
ते गिळायचं असतं.
एकदा नाही गिळलं.
पुढचे दोन आठवडे तो नाणं मुठीत धरून
माझ्या ओठांकडे बघत उभा.

आणि मग पाव घेईना.
ओतार पाव पुढे करायचा,
हा चित्राकडे बघायचा, पावाकडे बघायचा,
स्वतःचं मनगट चावायचा.
भूक नसेल, त्याची आई एतेरी म्हणाली.
मी वहीत लिहिलं: टाळतो. कारण कळत नाही.
आठ दिवस तेच वाक्य,
आठ वेळा, नीटनेटक्या अक्षरात.

नवव्या दिवशी मी चित्र पाहिलं.
मीच काढलेला फोटो, नोव्हेंबरातला.
पाव, आणि उजव्या कोपऱ्यात
ओतारचा अंगठा,
नख अर्धं काळं, जळलेलं.
मला पाव दिसत होता.
त्याला फोटो दिसत होता.
इतकी वर्षं मुलांना चित्रं वाचायला शिकवते,
अंगठेबहाद्दर निघाले मीच.

ओतार पोट धरून हसला,
मग पीठ पुसून गंभीरपणे, सही करावी तसा,
कोपऱ्यावर अंगठा ठेवला.
तोर्निकेने पाव घेतला.
खर्र.

रात्री नवा फोटो छापला, अंगठा वगळून.
कडा गोल कापल्या, लॅमिनेट केला.
चूक चित्राची असते, मुलाची नसते,
हे आमच्याकडे भिंतीवर लिहिलेलं आहे,
पंख्याच्या मागे, जिथे कुणी बघत नाही.

सकाळी ओतार तापाने झोपलेला.
भट्टीवर त्याची भाची मझिया,
लाल नखं, पहिलाच दिवस.
नवं चित्र माझ्याच पिशवीत.
एक. दोन.
तिने पाव कागदात धरून पुढे केला.
तीन. चार.
तोर्निकेने चित्राकडे पाहिलं.
पाच. मनगट तोंडाकडे निघालं.
सहा, आणि मी रस्त्यात पाऊल टाकलं,
तेवढ्यात कलिंगडांचा ट्रक मध्ये येऊन थांबला
आणि ड्रायव्हर कुणाला तरी पत्ता विचारत बसला.

ट्रक हलला तेव्हा
पाव तोर्निकेच्या हातात होता.
उजव्या कोपऱ्यावर त्याचा स्वतःचा अंगठा,
गरम कवचात रुतवलेला.
तो चित्राशी ताडून बघत होता.
अंगठा केसभर खाली सरकवला.
पुन्हा पाहिलं.
खर्र.

माझ्यासमोरून गेला, घराच्या चित्राकडे.
माझा हात अजून तसाच, अर्धा उचललेला,
कुणाच्याच खांद्यामागे.

संध्याकाळी एतेरीचा फोन:
पावाला कोपऱ्यात खळगा आहे,
भट्टीवाल्याला सांगा, नीट थापत जा म्हणावं.
सांगते, म्हणाले.